विसर्ग

पुंजाजी बेंडकुळे, वय एकसष्ट,
गंगापूर धरणावर छत्तीस वर्षं दरवाज्यांचा माणूस.
आता त्र्यंबक रोडवर, खाट क्रमांक सात,
पालथा, गाल उशीत चेपलेला,
नाकात मिनिटाला साठ लिटर वारा.
एका श्वासात दोन शब्द. थांबा. मग पुढचा एक.
"मॅडम, नळी... कधी टाकता... तुम्ही?"

मी म्हटलं, बघू.
या वॉर्डात सगळ्यात जास्त दिलेलं औषध हेच.

पहिल्या लाटेत आम्ही घाई करत होतो.
आकडा नव्वदीखाली घसरला
की लॅरिंगोस्कोप हातात.
मग वाटू लागलं, यातले काही नळीवाचूनही उठले असते.
मग थांबायला शिकलो.
आणि काही जण आमच्या थांबण्यातच
थकून गेले,
कुणाला त्रास न देता, पहाटेच्या चहाच्या वेळी.

पुंजाजींना झोप नव्हती. मलाही.
"पाणी रात्रीच... चढतं, मॅडम.
साहेबाचा फोन... येत नाही.
लवकर सोडलं तर... उगाच सराफ बाजारात पाणी,
दुकानदारांच्या शिव्या.
उशीर केला... तर एकदम सोडावं लागतं,
मग दुतोंड्या मारुती... गळ्यापर्यंत."

बोलू नका, म्हटलं. बोलले.
"पट्टीवरचा आकडा... सगळेच वाचतात.
दरवाज्याला... तळहात लावायचा.
थरथर... आधी कळते."

पावणेचारला मॉनिटरवर एक्क्याण्णव.
चांगला आकडा. फाइलमध्ये शोभेल असा.
मी दोन हातमोज्यांतून त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.
आत बरगड्यांमधलं मांस
दर वेळी आत ओढलं जात होतं,
कुणी पोतं ओढत जिना चढावा तसं.
एस्तेर सिस्टर घड्याळ धरून ओठांत मोजत होत्या.
चव्वेचाळीस, म्हणाल्या.
पुन्हा मोजा.
सेहेचाळीस.

व्हिडिओ कॉल लावला. मखमलाबाद. गोरख, त्यांचा मुलगा,
मागे उभी त्याची आई, पदर तोंडात.
मला वाटलं, काही मोठं बोलतील.
"विहिरीवरची मोटार... बंद केली का?"
केली, नाना.
"बरं."

चार वाजून दहा मिनिटं.
नळी पहिल्याच प्रयत्नात गेली.
मशीन मिनिटाला वीस मोजू लागलं,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
इतका शांत श्वास त्यांनी
आठवडाभरात घेतला नव्हता,
आणि तोही त्यांचा नव्हता.

त्याच रात्री खाट दहा, जनाबाई खैरनार,
तेच आकडे, जवळपास तीच छाती.
तिच्यासाठी मी थांबले. का, ते विचारू नका.
बाविसाव्या दिवशी ती स्वतःची पिशवी स्वतः उचलून गेली.

पुंजाजी नवव्या दिवशी गेले.

जिन्यात गोरखने विचारलं,
"आधी टाकली असती तर?"
दोन पायऱ्या खालून त्याच्या आईने,
"टाकलीच नसती तर?"
एकेकट्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं,
अभ्यासातलं, टक्केवारीसकट.
दोघं एकदम बोलले
आणि मी मास्कची नाडी घट्ट करत राहिले,
आधीच घट्ट असलेली.

यंदा ऑगस्टात विसर्ग सोडला,
तेव्हा मी होळकर पुलावर होते.
लोक मोबाइल उंच धरून,
फुगेवाला टपरी ओढून वर नेतोय,
कुणी ओरडलं, मारुतीच्या कमरेला लागलं!
कुणी म्हणालं, जरा आधीच सोडायला हवं होतं.
कुणी म्हणालं, एवढं सोडायची गरज काय होती?

मी कठड्यावर हात ठेवला.
पूल थरथरत होता,
पाण्याने, की मागून गेलेल्या बसने,
मला सांगता आलं नसतं.